यादी पेन्सिलनं लिहायची

यादी पेन्सिलनं लिहायची, नुर्झात म्हणाली,
उणे बावीसला शाई गोठते
आणि बेतही बदलतातच.

तर बसलोय आम्ही चौघं नारिनच्या वसतिगृहात
रेडिएटरला पाठी टेकून,
मधे नकाशा, त्यावर सांडलेला चहा.
तो डाग आता तळ्याच्या बरोबर उत्तरेला आहे
आणि आयझिरेक त्याला डोंगर म्हणते.

फिल्म सहा मिनिटांची.
एक मुलगी पाठीवर दार घेऊन
गोठलेलं तळं ओलांडते.
दार कुणाचं, घर कुठाय, विचारायचं नाही.
प्राध्यापकांनी विचारलं तेव्हा
नुर्झात खिडकीबाहेर बघत राहिली
आणि त्यांनी सही केली.

माझ्याकडे वेळापत्रक.
ऊन डोंगरावरून उतरतं साडेनवाला,
तीनला पलीकडच्या कड्याआड जातं.
मधले साडेपाच तास; त्यातून जेवण वजा,
बोटं शेकणं वजा,
वाऱ्यानं आवाज खाल्ला तर तेही वजा.
शाळेत गणितात गटांगळ्या खाल्लेला मी
उन्हाची वजाबाकी करतोय.

बॅटऱ्या काखेत, उबवायच्या अंड्यांसारख्या.
कॅमेरा आत आणताना पिशवीत गुंडाळून,
नाहीतर भिंगाला घाम फुटतो.
दार थर्माकोलचं करू, आयझिरेक म्हणाली.
खरंच हवं, बेगायिम म्हणाली.
वाहणार तीच,
त्यामुळे वाद तिथंच मिटला.

अडचण वेगळीच आहे.
बर्फ कोरा हवा.
पाऊल पडलं की पडलं,
तो काही विसरत नाही.
म्हणजे तालीम नाही, दुसरा टेक नाही.
तालीम आम्ही शाळेच्या मैदानावर केली,
बेगायिमच्या पाठीवर इस्त्रीचं टेबल
आणि फुटबॉलवाली पोरं कुंपणाला नाकं लावून.

मागच्या रविवारी जागा बघून आलो.
काठावर सोवेतबेक आजोबांच्या मेंढ्या.
परवानगीच्या कागदाची त्यांनी चौघडी केली
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
मग पहार घेऊन तळ्यावर निघाले, एकटे,
दर दहा पावलांवर ठोकत, ऐकत.
मधोमध भोक पाडून हात घातला, मोजलं.
"एक वीत, चार बोटं. घोडा चालेल.
तुमचं दारही चालेल."
आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग दिसलं:
काठापासून मधोमध आणि परत
त्यांच्या पावलांची दुहेरी ओळ,
बाजूनं कुत्र्याची, वाटेल तशी.

नुर्झातचं तोंड उतरलं.
आजोबांनी पहारीवरचा बर्फ झटकला.
"गुरुवारी पडेल अजून.
आणि नाहीच पडला,
तर दिसू दे की पोरीला,
आधी कुणीतरी चालून बघितलंय."

परतीच्या मिनीबसमधे कुणी बोललं नाही.
काच आतून गोठलेली. बेगायिमनं
नखानं तिच्यावर एक दार काढलं,
कडी काढायची विसरली.

आज बुधवार, रात्र. यादी पुन्हा वाचतो.
थर्मास चार. जाड नमदे दोन.
बोरसोक, नुर्झातच्या आईकडून, पिशवीभर.
बेगायिमचे हातमोजे, फ्रेमबाहेर.
तिचे हात उघडेच दिसले पाहिजेत, हे पटकथेत आहे.
"कट" म्हटल्यावर ते कुणाच्या हातात द्यायचे
हे कुठंच नाही.
मी माझं नाव लिहितो.
खोडतो; माझ्या हातात तेव्हा माइकची काठी असणार.
आयझिरेकचं लिहितो. तिचे तळवे
भर जानेवारीतही भाकरीसारखे असतात,
हे मला माहीत असल्याचं
तिला माहीत नाही.

बाहेर अजून काही पडत नाहीये.
शॉट अकरा: कोरा बर्फ, दुरून.
नुर्झात पेन्सिल मागून घेते,
"कोरा" खोडते,
आणि तिथं काय लिहायचं ते सुचेना म्हणून
टोक करत बसते.